जुन्या धाटणीची गिअरची स्कूटर वर्षानुवर्षं चालवायची असेल तर

व्हेस्पा पीएक्स, चेतक, एलएमएल, या सगळ्या एकाच घराण्यातल्या स्कूटर. टू-स्ट्रोक इंजिन, हातातले गिअर आणि लोखंडी पत्र्याची बॉडी. पीएक्स १९७७ साली आली आणि त्या काळातल्या गाड्या आजही रोज चालवणारे लोक आहेत, म्हणजे गाडी टिकते यात शंका नको. फक्त लोक सगळा जीव इंजिनात लावतात आणि पत्र्याकडे बघतच नाहीत, माझ्या मते हे उलटं आहे.

कारण या गाड्यांना वेगळी चॅसी नसते, पत्रा हीच चॅसी. इंजिन कितीही गेलं तरी सिलेंडर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकता येतो, बेअरिंग बदलता येतात, पण पाय ठेवायचा पत्रा आतून कुजला की गाडीचा कणाच गेला. म्हणून जुनी गाडी घेताना आधी रबर मॅट उचला, खाली वाकून बघा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, घट्ट आवाज आला तर ठीक, भदभद आला किंवा पापुद्रे पडले तर वरचा चकचकीत रंग बघून भुलू नका. स्वतःची गाडी असेल तर पावसाळ्यानंतर मॅट काढून वाळवायची, गंज घासून प्रायमर मारायचा. तासाभराचं काम आहे पण हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं.

आता इंजिन. पेट्रोलमधे २ टक्के टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे लिटरला २० मिली, आणि ते मापाने घालायचं, अंदाजाने ओतायचं नाही. कमी पडलं तर पिस्टन पकडतो, म्हणजे सिलेंडरमधे अडकून बसतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर कार्बनने भरतो. गाडीच्या पुस्तकात वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. अजून एक, लांब उतारावर गिअरमधे थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी सोडू नका, ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं त्यामुळे पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही जवळपास बंद, मधूनमधून थोडा थ्रॉटल देत राहा. सिलेंडरवरचं हवेचं कव्हरही काढून ठेवू नका, पंख्याची हवा त्याच्यामुळेच सिलेंडरवर जाते.

खरी डोकेदुखी ऑइल सीलची. क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याला, दोन बाजूंना सील असतात आणि वर्षं गेली की रबर कडक होतं, विशेषतः गाडी नुसती उभी असेल तर. मॅग्नेटच्या, म्हणजे पंख्याच्या चाकाच्या, बाजूचा सील गेला की तिथून बाहेरची हवा ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही. अशा वेळी लोक कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात आणि तशीच गाडी पळवतात, मग इंजिन तापून जाम होतं. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअर ऑइल आत ओढून जळतं, गरम झाल्यावरही धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. इंजिन कशासाठीही खोललं तर दोन्ही सील नवे टाकूनच बंद करा, अर्धं काम करून पुन्हा खोलण्यात काही अर्थ नाही.

गिअर ऑइल पीएक्सला साधारण २५० मिली, एसएई ३० ग्रेडचं. गिअर उडायला लागला तर लगेच इंजिन खोलू नका, आधी गिअरच्या वायरी ताणून बघा कारण त्या सैल पडतातच, तरीही उडत असेल तर आतला क्रॉस, म्हणजे गिअर अडकवणारा चार हातांचा तुकडा, झिजलाय असं समजा. क्लचची वायर डिकीत जास्तीची एक ठेवाच, सोबत प्लग आणि प्लग पाना.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. इथेनॉलचं पेट्रोल पाणी धरून ठेवतं आणि आत साचून राहिलं की जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोलचा बारीक छिद्राचा तुकडा, चोंदतो. रोजसुद्धा गाडी लावताना कॉक बंद करायची सवय चांगली, नाहीतर कार्बोरेटरमधे पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल झिरपून इंजिनात उतरतं आणि सकाळी किक मारून पाय दुखतो.

आणि स्टेपनीबद्दल एक गोष्ट नीट वाचा. या गाड्यांचं रिम दोन भागांचं, नटांनी जोडलेलं असतं. चाक ड्रमला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग धरणारे वेगळे. ट्यूबमधे हवा असताना हे दुसरे नट सोडले तर रिमचे तुकडे उडून जबर इजा होते, म्हणून पंक्चर काढताना आधी व्हॉल्व्ह काढून सगळी हवा सोडायची, टायर हाताने दाबून खात्री करायची आणि मगच पाना लावायचा.