लिनक्सवर कमीत कमी डेस्कटॉप बसवताना या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांत किंवा सेवा केंद्रांत २ जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलेला दिसला की जीव हळहळतो. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई (त्यावरचा हलका डेस्कटॉप) टाकलं, तर मुलांना टायपिंग शिकायला, अर्ज भरायला तो अजून चालतो. ब्राउझरमध्ये मात्र दोन-तीन टॅबच्या वर जाऊ नये. कॉम्प्युटर ३२ बिटचा असेल तर डेबियन १२ घ्या, कारण १३ चा इन्स्टॉलर त्यासाठी मिळत नाही.

बहुतेकांचं पहिलं पाऊल इथेच चुकतं: इन्स्टॉलरमध्ये डेस्कटॉपच्या खुणा तशाच ठेवायच्या आणि नंतर नको ते काढत बसायचं. त्या खुणेमुळे लिबरऑफिससकट बरंच काही येतं. आणि काढताना आणखी मोठा घोळ होतो. एक्सएफसीई-४ या पॅकेजात (पॅकेज म्हणजे बसवायच्या प्रोग्रामचं गाठोडं) स्वतःचं जवळजवळ काहीच नसतं, ते बाकीच्या पॅकेजांना ओढून आणतं. आवाजाचं प्लगिन नको म्हणून काढलं, तर त्यावर अवलंबून असलेलं एक्सएफसीई-४ ही जातं. मग ऑटोरिमूव्ह (कुणाला न लागणारी पॅकेजं काढणारी आज्ञा) चालवलं की पॅनेल, सेशन, सगळंच काढायला निघतं. एपीटी (पॅकेजं बसवणारी-काढणारी आज्ञा) पुढे दाखवते ती यादी वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका. त्यापेक्षा सुरुवातीलाच डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा, रिकामी सिस्टिम बसवा आणि हवं तेवढंच वर चढवा.

आता दुसरं टोक, आणि माझ्या मते हीच खरी चूक. कोणी सांगतं, 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लावा, मिनिमल होईल. लोक लावतात आणि कॉम्प्युटर सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर अक्षरांतलं लॉगिन तेवढं दिसतं. प्रत्येक पॅकेजासोबत तीन याद्या असतात: डिपेंड्स, म्हणजे ज्यांच्याशिवाय ते बसतच नाही, हे भरताचं वांगं; रेकमेंड्स, म्हणजे शिफारस केलेली, ही सोबतची कळण्याची भाकरी; सजेस्ट्स, म्हणजे नुसती सुचवलेली, ही कांद्याची पात. 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' ती भाकरीच वगळतो. भाकरीशिवाय भरीत होतं, पण जेवण होत नाही. एक्सएफसीई-४ च्या बाबतीत खुद्द एक्सऑर्ग, म्हणजे पडद्यावर चित्र आणणारा भाग, रेकमेंड्समध्ये आहे. सूचना दाखवणारं नोटिफायडी आणि पेनड्राइव्ह लावल्यावर दखल घेणारं थुनार-व्होलमन हेही तिथेच. टर्मिनल तर या पॅकेजात नाहीच.

म्हणून तो पर्याय वापरायचा असेल तर ही नावं हाताने द्या: एक्सऑर्ग, लाइटडीएम (चित्रमय लॉगिन दाखवणारा) आणि त्याचा ग्रीटर (लॉगिनचा पडदा), एक्सएफसीई-४-टर्मिनल, थुनार-व्होलमन, एक्सएफसीई-४-नोटिफायडी. फाइल मॅनेजरात पेनड्राइव्ह आणि कचरापेटी दिसायला जीव्हीएफएस हवं, मोबाइलमधले फोटो उतरवायला जीव्हीएफएस-बॅकएंड्स. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर फॉन्ट्स-देवा टाका, टायपिंगसाठी आयबस-एम१७एन. शाळेत देवनागरी लिहिता येत नसेल तर त्या हलकेपणाचा उपयोग काय? अहिराणी गाणी, गोष्टी टाइप करायलाही हेच लागतं.

वायफायबाबत एक गोष्ट फार छळते. डेस्कटॉपशिवाय इन्स्टॉल करताना वायफाय जोडलं, तर त्याची नोंद इंटरफेसेस फाइलमध्ये जाते. नंतर नेटवर्क मॅनेजर (डेस्कटॉपवरून वायफाय जोडणारा प्रोग्राम) टाकला की तो त्या कार्डाला हात लावत नाही, 'अनमॅनेज्ड' म्हणतो. ईटीसी फोल्डरातल्या नेटवर्क फोल्डरमधली ती फाइल उघडा, लूपबॅकच्या (कॉम्प्युटरच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीच्या, 'lo' च्या) ओळी ठेवून वायफायच्या काढा आणि रीस्टार्ट करा. वायफाय कार्डच ओळखलं जात नसेल तर इन्स्टॉलर जुना आहे का बघा. लागणारं फर्मवेअर (कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळू लागलं ते डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून.

पॅकेजांची यादी वहीत किंवा डोक्यात ठेवू नका. इक्विव्हज हे साधन घेऊन स्वतःचं छोटं पॅकेज बनवा आणि त्याच्या डिपेंड्स ओळीत ही सगळी नावं लिहा. एक्सएफसीई-४ ऐवजी सेशन, पॅनेल, एक्सएफडब्ल्यूएम-४ (खिडक्या सांभाळणारा), एक्सएफडेस्कटॉप-४, सेटिंग्ज, थुनार (फाइल मॅनेजर) अशी सुटी नावं दिलीत, तर आवाजाचं प्लगिन वगळणंही तुमच्या हातात राहतं. बसवण्याआधी एपीटीला 'एस' पर्याय देऊन नुसती रंगीत तालीम करा, काय येणार ते कळतं. पुढे यादी बदलली की आवृत्तीचा आकडा वाढवा आणि तेच पॅकेज प्रत्येक कॉम्प्युटरवर पुन्हा चढवा.

गावात मोबाइल डेटावरच सगळं चालत असेल, तर एका कॉम्प्युटरवर एपीटी-कॅशर-एनजी ठेवा आणि बाकीच्यांच्या एपीटीला प्रॉक्सी म्हणून त्याचा पत्ता द्या, पोर्ट ३१४२. पॅकेज एकदाच उतरतं, बाकीचे त्याच्याकडून घेतात.