वॉशिंग्टन स्टेट फिरायचंय? मग डोंगर ओलांडाच

पोरगं सिएटलला आयटीत आणि आईबाबा पहिल्यांदाच निघालेत, अशी घरं आता साताऱ्यात गल्लोगल्ली आहेत, आणि परत आल्यावर फोटो सगळ्यांचे तेच, स्पेस नीडल या तिथल्या टॉवरसमोरचे. अहो एवढं लांब जाताय तर जरा शहराबाहेर पडा की. (आणि हे राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे, ते पार दुसऱ्या टोकाला.)

आपल्याकडं महाबळेश्वरात धो धो आणि माण-खटावात टँकर, तिथं पण अगदी तसंच. पॅसिफिकवरनं आलेले ढग पश्चिमेलाच रिकामे होतात, त्यामुळं होहच्या जंगलात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि कॅस्केड डोंगराच्या पलीकडं यकिमाला जेमतेम दोनशे.

सिएटलहून बेनब्रिज बेटाची फेरीबोट धरा, गाडीसकट जाता येतं, मग ऑलिम्पिक नॅशनल पार्क, होहचं जंगल त्यातच. होहला हॉल ऑफ मॉसेसची पायवाट छोटीय, आईबाबा आरामात चालतील, मेपलच्या फांद्यांवरनं शेवाळ हातभर लोंबतं आणि खाली नेचे. फक्त सकाळी लवकर पोचा, उन्हाळ्यात पार्किंग भरतं. तिथनं थोडं पुढं रिआल्टो बीच, पण पोहायचं डोक्यात आणू नका, पाणी बर्फगार.

मग माउंट रेनिअर, ४३९२ मीटर. तिथं वर पॅराडाइज नावाच्या जागी जुलै सुरू झाला तरी बर्फ असतो, फुलं बघायची तर जुलैअखेर ते ऑगस्ट. सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी पण याच स्टेटात, १९८० च्या स्फोटात त्याचा माथाच उडाला, उंची ४०० मीटरनं कमी झाली.

आणि पूर्वेकडचं पलूस सोडू नका, आपलं सांगलीकडचं नव्हे हां! नुसत्या गव्हाच्या टेकड्या, जूनमधे हिरव्या, ऑगस्टात पिवळ्या, स्टेप्टो ब्यूट या टेकडीवर गाडी वरपर्यंत जाते. ऑगस्ट-सप्टेंबरला कधीकधी वणव्याचा धूर असतो तेवढं बघून घ्या.

गाडी चालवणार असाल तर निघायच्या आधी आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढा, वर्षभर चालतं. तिथं उजवीकडनं चालवायचं, वळताना हमखास गोंधळ होतो. येताना नॉर्थ कॅस्केड्स पार्कमधनं जाणाऱ्या हायवे २० ने या, तो हिवाळ्यात बंद असतो, मे नंतर जाणार असाल तर बहुतेक अडचण नाही. या पार्कला एंट्री फी पण नाही. पण वाटेतल्या मझामा गावातच टाकी फुल करा, पुढं मार्बलमाउंटपर्यंत शंभरेक किलोमीटर पंप नाही आणि मोबाइलला रेंजही नसते, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा.