पालक, रक्षक, काळजीवाहू: हे शब्द वापरताना या चुका टाळा

'आजोबांसाठी काळजीवाहू हवा. राहण्याची सोय आहे.' मजकूर तपासून द्या म्हणून ही दोन ओळींची जाहिरात माझ्याकडे आली, आणि वाचताच डोळ्यांसमोर राजीनामा देऊन बसलेले मुख्यमंत्री उभे राहिले. या शब्दाचं असंच झालंय. काळजीवाहू सरकार म्हणजे नवं येईपर्यंत खुर्ची सांभाळणारं, मोठे निर्णय न घेणारं सरकार. रोजच्या बातम्यांनी त्या शब्दाला तात्पुरतेपणा चिकटवला तो कायमचा. आजोबांना मात्र तात्पुरतं कुणी नको होतं. मी 'आजोबांना सांभाळायला माणूस हवा' असं केलं आणि पुढे रात्री थांबायचंय का, उचलून बसवावं लागतं का, हे लिहायला सांगितलं.

पहिली चूक इथेच होते. 'केअरटेकर', 'गार्डियन' असा एक शब्द मनात असतो आणि त्याला एकच मराठी शब्द शोधला जातो. पण आपल्याकडचे हे बहुतेक शब्द आधीच कुठल्या ना कुठल्या नोकरीला लागलेले आहेत.

काळजीचंच बघा. काळजी 'घेणारी' मुलगी वेळेवर औषध देते. काळजी 'करणारी' मुलगी दुसऱ्या गावाहून दिवसातून सहा फोन करते. काळजी 'वाहणारा' बहुधा देव असतो. 'आईची काळजी करण्यासाठी रजा हवी' असा अर्ज मी पाहिलाय. साहेबांनी रजा दिली असेलही, पण नुसती काळजी करायला रजा कशाला लागते? क्रियापद बदललं की माणूस बदलतो.

आता 'रक्षक' आणि 'संरक्षक'. 'बिबट्याच्या हल्ल्यात वनसंरक्षक जखमी' अशी ओळ लिहिण्याआधी थांबा. जंगलात पायी गस्त घालतो तो वनरक्षक. त्याच्या वर वनपाल, मग वनक्षेत्रपाल, सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक आणि त्यानंतर वनसंरक्षक. एका 'सं'मुळे तुम्ही त्या बिचाऱ्याला पाच पायऱ्या चढवलंत! वनक्षेत्रपालाला 'वनपरिक्षेत्र अधिकारी' असंही लिहितात, त्यामुळे एकाच बातमीत दोन्ही पदनामं आली की वाचणाऱ्याला ती दोन माणसं वाटतात. एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

हे 'पाल' प्रकरणही गमतीचं आहे. ग्रंथपाल, रोखपाल, लेखापाल, भांडारपाल, द्वारपाल, थेट राज्यपालांपर्यंत सगळे सांभाळणारेच. पण हा प्रत्यय हवा तिथे लावता येत नाही. लहान मुलांना सांभाळणाऱ्याला 'बालपाल' म्हणून बघा, हसतील. आणि 'पालक'चं स्त्रीलिंग करायला जाऊ नका. 'पालिका' रस्ते झाडते, पाणीपट्टी घेते. मुलं वाढवत नाही. आई असो की बाबा, पालकच. (भाजीवरचा विनोद शाळेच्या प्रत्येक संमेलनात होतो, तो इथे नको.)

हिंदीतून येणाऱ्या दोन शब्दांपासून जपा. पहिला 'रक्षा'. हिंदीत रक्षामंत्री असतात, मराठीत संरक्षणमंत्री. रक्षाबंधन सोडलं तर मराठी घरात 'रक्षा' म्हटलं की अस्थी आणि राख आठवते, दहनानंतरची. 'आपल्या कुटुंबाची रक्षा आमच्या हाती' ही विमा योजनेची ओळ मराठीत छापली तर काय होईल, विचार करा. दुसरा 'अभिभावक'. संस्कृतात अभिभव म्हणजे पराभव, दडपून टाकणं. हिंदीत तो शब्द सरळ पालक या अर्थाने रुळलाय, तिथे हरकत नाही. आपल्याकडे 'पालक' असताना तो आणायचं कारण नाही.

दवाखान्यातल्या शब्दांनी माणसं खरोखर दुखावतात. सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्सला अधिपरिचारिका म्हणतात, वॉर्डच्या प्रमुख सिस्टरला परिसेविका आणि मेट्रनला अधिसेविका. तिन्ही शब्द ऐकायला सारखे, म्हणून आभारपत्रात सर्रास उलटसुलट होतात. पुरुषाला 'पुरुष परिचारिका' लिहितात तेही चूक, तो परिचारक. बोलताना सिस्टर आणि ब्रदर पुरतं. 'मावशी' आणि 'मामा' ही हाक वॉर्डातल्या मदतनिसांसाठी असते. रात्रपाळीच्या सिस्टरला प्रेमाने 'मावशी' म्हणणारे एक काका मी पाहिलेत. सलाइन नीट लागलं, चेहरा मात्र सकाळपर्यंत फुगलेला होता.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा गोंधळ कायद्याच्या भाषेत आहे. तिथे 'अज्ञान' म्हणजे अडाणी नव्हे, अठरा वर्षं पूर्ण न झालेला. कायद्याचं मराठी नावच 'हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६' असं आहे. सातबाऱ्यावर एखाद्या नावाच्या पुढे 'अ.पा.क.' आणि मग आईचं नाव दिसतं. ते म्हणजे अज्ञान पालक कर्ता: जमीन मुलाच्या नावे, त्याच्या वतीने पाहणारी आई. कुणी तिलाच मालक समजतं, तर कुणी भाषांतर करताना मुलाला 'अशिक्षित' करून टाकतं. आणखी एक. मूल अठराचं झालं की तो शेरा आपोआप पुसला जात नाही. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. पस्तिशीतला, दोन पोरांचा बाप सातबाऱ्यावर अजून अज्ञान असतो तो त्यामुळेच.

'ताबा' आणि 'पालकत्व' यांचीही अदलाबदल होते. मूल कुणाजवळ राहणार, हा ताबा. त्याच्या वतीने निर्णय कोण घेणार, सही कुणाची चालणार, हे पालकत्व. याच कायद्याच्या सहाव्या कलमात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असं म्हटलंय, पण नैसर्गिक पालक म्हणून नाव आधी वडिलांचं आणि त्यांच्या 'नंतर' आईचं. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने या 'नंतर'चा अर्थ वडील हयात असेपर्यंत आईला अधिकार नाही असा होत नाही, तर 'त्यांच्या अनुपस्थितीत' असा होतो, हे स्पष्ट केलं. एका शब्दावर सगळा खटला. तेव्हा 'न्यायालयाने मुलाचं पालकत्व आईला दिलं' असं लिहिण्याआधी आदेशात ताबा लिहिलाय की पालकत्व, एवढं बघा. बहुतेक वेळा ताबा असतो.

बाकीचे झटपट. 'वाली' हा शब्द नकारातच शोभतो: त्याला कुणी वाली नाही. 'माझे काका माझे वाली आहेत' म्हटलं की कानाला खटकतं. 'कैवारी' बाजू घेतो, भांडतो. तो पहारा देत नाही. 'पोशिंदा' खाऊ घालतो, राखत नाही. 'सुईण' बाळंतपण करते. आता कागदोपत्री तिची जागा 'प्रसाविका' या पदनामाने घेतली आहे. 'सुरक्षारक्षक'मध्ये रक्षण दोनदा येतं म्हणून नाक मुरडणारे असतात. मुरडू द्या, शब्द रुळला आहे. 'राखणदार' मात्र जपून. कोकणात राखणदार म्हणजे गावाची, जागेची राखण करणारं दैवत. 'सोसायटीत रात्रपाळीला राखणदार नेमला' असं तिथे वाचलं तर लोक आधी नारळ कधी ठेवायचा ते विचारतील. तिथे 'रखवालदार' लिहा.

आणि 'शुश्रूषा'. सुश्रुषा, शुश्रुषा, सुश्रूशा, सगळं छापलेलं सापडतं. पहिला शु ऱ्हस्व, श्रू दीर्घ, शेवटी पोटफोड्या ष. सुश्रुत या वैद्याच्या नावाशी घोळ करून 'सु' लिहिला जातो. दोन्ही शब्दांत धातू 'श्रु', म्हणजे ऐकणं, हाच आहे खरा. पण शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ तिच्यातूनच आला.