पंपाचं झाकण गळतंय का, ते आधी बघा

पोळा सरला, पऱ्हाटी छातीला लागली. आता महिना-दीड महिना कपाशीवर फवारणीची घाई राहील. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, मागून गुलाबी बोंडअळी. कोणत्या किडीवर काय मारायचं याचे सल्ले रोज मोबाईलवर येतातच. आजचा सल्ला पंप पाठीवर घेणाऱ्या माणसासाठी आहे.

परवा एका शेतात फवारणाऱ्या मजुराला पंप उतरवायला लावला. तोंडाला त्याने दुपट्टा घट्ट बांधला होता, म्हणजे जपत होता बिचारा. पण पंपाच्या झाकणातलं रबर गेलेलं. पाणी पाठीवरून ओघळून कमरेला, तिथून पँटमध्ये आणि खाली जांघेत मुरलेलं. शर्ट अंगावरून सोलून काढावा लागला. "सकाळपासून गळूनच राह्यला भाऊ, बारा पंप झाले," तो म्हणाला.

विष नाकातोंडाने जातं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. शेतात मात्र ते जास्त करून कातडीतून जातं. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मायबॅक, फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी पॅराथिऑन या कीटकनाशकाची अगदी सूक्ष्म मात्रा लावली आणि त्यातलं किती लघवीतून बाहेर पडतं ते ५ दिवस मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून साधारण ९ टक्के आत गेलं होतं. पोटावरून १८, कपाळावरून ३६, काखेतून ६४ टक्के. आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच! हाताच्या तुलनेत १२ पट. वर घाम आणि ऊन असलं की शोषण आणखी वाढतं, आणि भादव्यात हे दोन्ही भरपूर.

म्हणून सकाळी पंप भरण्याआधी त्यात साधं पाणी घाला, पाठीवर घ्या आणि चार पावलं चाला. झाकण, नळी, बटण, कुठेही गळत असेल तर रबर बदला. काही रुपयांची वस्तू आहे ती, तिच्यापायी माणूस भिजवू नका. पंप गळ्यापर्यंत भरू नका. पाठ आणि कंबर झाकेल असा प्लास्टिकचा कागद पंपाखाली बांधा, पुढून मांडीपर्यंत दुसरा. बांधावर एक कॅन स्वच्छ पाणी, साबण आणि कपड्यांचा कोरडा जोड ठेवा. कपडा औषधाने भिजला की त्याच वेळी काम थांबवून अंग धुवायचं. हा राहिलेला पंप संपवून मग धुतो, असं चालणार नाही.

२०१७ चा हंगाम यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. २० हून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्या साली पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. नोझल वर धरून फवारलेलं औषध परत तोंडावर आणि छातीवर पडत होतं, आणि पॉवर पंपाचं बारीक धुकं तर हवेतच तरंगत राहायचं. पीक छातीच्या वर गेलं असेल तर नुकत्याच फवारलेल्या ओळीत शिरू नका. वारा पाठीकडून किंवा बाजूने घ्या, आणि फवारलेली ओळ मागे पडत जाईल असं चाला. वारा सुटला की काम बंद.

आता डब्यावरच्या त्रिकोणाबद्दल. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण हे रंग कशावरून ठरतात? प्रयोगातल्या उंदरांना ते द्रव्य एकदाच खाऊ घालून किंवा कातडीवर लावून, किती मात्रेत निम्मे मरतात यावरून. ही पद्धत ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मांडली. खाऊ घातल्यावर उंदराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत हे घडलं तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. म्हणजे हा हिशेब एकाच वेळी अंगात गेलेल्या विषाचा आहे. रोज कातडीतून थोडं थोडं मुरत राहिलं तर काय, हे तो त्रिकोण सांगत नाही. निळा त्रिकोण बघून हातमोजे काढून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

थोडं थोडं मुरण्याचंच मला सगळ्यात भय वाटतं. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातलं एक विकर (एन्झाइम) निकामी करतात. नसेकडून स्नायूकडे निरोप नेणारं रसायन काम झालं की पुसून टाकायचं, हे त्या विकराचं काम. ते बंद पडलं की निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, उलटी, स्नायूंची थरथर सुरू होते आणि शेवटी श्वास अडतो. रक्तातल्या लाल पेशींमधलं हे विकर एकदा बुडालं की दिवसाला जेमतेम १ टक्क्याच्या गतीने भरून येतं. आठवडाभर रोज फवारणाऱ्याचा साठा रोज थोडा खाली जातो. त्याला काही जाणवत नाही, आणि मग एका दिवशी नेहमीएवढ्याच औषधाने तो कोसळतो. घरचे म्हणतात, काल तर ठणठणीत होता.

कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशा फवारणी कामगारांचं रक्त हंगामाआधी आणि हंगामात तपासतात. लाल पेशींतलं विकर मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर उतरलं की त्या कामगाराला फवारणीवरून हलवतात आणि ८० टक्के झाल्यावरच परत घेतात. आपल्या बांधावर रक्त तपासायला कोणी येत नाही, म्हणून दिवस मोजा. माझं मत विचाराल तर एका माणसाला सलग दोन दिवसांवर फवारणीला लावू नये, मग त्याला दुसरं काम द्यावं. आणि मजुरी पंपावर ठरवू नका, दिवसावर ठरवा. पंपामागे पैसे मिळतात तिथे माणूस गळका पंपही उतरवत नाही.

मनाने औषधं एकत्र करू नका. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाचं शरीरात विघटन करणारी विकरंच ऑर्गनोफॉस्फेट बंद पाडतं, त्यामुळे दोघांचा मारा बेरजेपेक्षा जास्त बसतो.

फवारताना डोकं दुखलं, अंधुक दिसलं, मळमळलं, छाती आवळली तर "ऊन लागलं" म्हणून झाडाखाली झोपवू नका. डोळ्यात बघा. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल तर विषबाधाच समजा. बाहुली नेहमीसारखी दिसली तरी वाट बघू नका, कारण सगळी विषं सारखी नसतात. कपडे उतरवा, केसांसकट साबणाने धुवा, डोळे १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. उलटी करवू नका, दूध-तेल पाजू नका. डाव्या कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. सोबत बाटली किंवा लेबल न्याच. ऑर्गनोफॉस्फेटवर अ‍ॅट्रोपिन चालतं, पण डायफेन्थिऊरॉन या कीटकनाशकावर ठराविक उतारा नाही. नेमकं काय मारलं ते डॉक्टरला कळलं पाहिजे.

राहिला रिकामा डबा. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या माध्यान्ह भोजनाने २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं, आणि ते तेल ज्या डब्यात होतं त्यातही. तेव्हा डबा कितीही चांगला दिसला तरी घरात आणू नका. रिकामा झाला की तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता आणि बुडाला खिळ्याने दोन-तीन भोकं पाडा, म्हणजे कोणी त्यात तेल भरणार नाही.