एकांताची पहिली दहा मिनिटे

रोज थोडा वेळ शांतपणे एकटे बसण्याचा संकल्प पुष्कळ जण करतात आणि तो बहुधा पहिल्या दहा मिनिटांतच मोडतो. सुरुवातीला चुळबुळ होते, पाठ अवघडते, राहून गेलेला फोन आठवतो आणि आपल्याला हे जमणारे नाही असे वाटून माणूस उठतो. ही चुळबुळ पुष्कळांना होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना 15 मिनिटे एकटे बसवले होते. करण्यासारखे काहीच नव्हते, मात्र वाटल्यास बटण दाबून स्वतःला विजेचा झटका देता येत होता. हा झटका त्यांनी आधी अनुभवला होता आणि तो टाळण्यासाठी आम्ही पैसेसुद्धा मोजू, असे सांगितले होते. तरीही 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी निदान एकदा बटण दाबलेच. तेव्हा पहिल्या दिवशी कंटाळा आला, तर त्यात खट्टू होण्यासारखे काही नाही.

सुरुवात 15 मिनिटांपासून करावी आणि दिवसातली वेळ ठरवून टाकावी, कारण ‘सवड मिळाली की बसू’ असे म्हटले की ती सवड कधीच मिळत नाही. घरातल्या माणसांना आधी स्पष्ट सांगावे. न सांगता दार लावून घेतले, तर आपण रुसलो आहोत असा त्यांचा समज होतो आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी चौकशीला येते. घर पूर्ण रिकामे असण्याची मात्र गरज नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1958 मध्ये असे मांडले की, एकटे राहण्याची क्षमता मूल आईच्या सहवासातच शिकते: ती जवळ आहे या भरवशावर ते आपल्याच नादात रमू शकते. मोठेपणीही हे बऱ्याच अंशी खरे ठरते, असे मला वाटते. शेजारच्या खोलीत आपले माणूस आहे एवढ्या जाणिवेने बसणे पुष्कळ सोपे जाते.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. नुसता पालथा घालून किंवा आवाज बंद करून भागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या आठवड्यात माझा फोन टेबलावरच असे आणि पंख्याच्या वाऱ्याने कागदाचा कोपरा फडफडला, तरी फोनच थरथरला असे वाटून हात तिकडे जाई. पुस्तक, गाणी आणि बातम्याही या वेळेपुरत्या दूर ठेवाव्यात. वाचन ही चांगलीच गोष्ट आहे, पण वाचताना आपण दुसऱ्याचे विचार ऐकत असतो, आणि इथे आपल्याच मनात काय साचले आहे ते वर येऊ द्यायचे आहे.

ते वर येतेही. बाहेरचे काम थांबले म्हणजे मेंदू स्वस्थ बसतो असे नाही. अमेरिकेतील मेंदू-संशोधक मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवून दिले की, मेंदूचे काही भाग आपण एखाद्या कामात गुंतलो नसतानाच अधिक सक्रिय असतात, आणि पुढील संशोधनात त्यांचा संबंध जुन्या आठवणी, उद्याचे बेत आणि इतरांविषयीचे विचार यांच्याशी जोडला गेला. म्हणून जवळ एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवावी. भरायचे राहिलेले बिल आठवले, तर एका शब्दात टिपून ठेवावे आणि पुन्हा स्वस्थ बसावे. कागदावर उतरलेली गोष्ट मन सारखी घोकत नाही. माझ्या कागदावर पहिल्या काही दिवसांत निव्वळ कामेच उतरत. नंतर एकदा ‘त्याला उत्तर दिले नाही’ एवढेच लिहिले गेले आणि कित्येक महिने टाळलेले एक पत्र त्याच संध्याकाळी लिहून झाले.

वेळ निवडताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. थुई-वी न्गुयेन, रिचर्ड रायन आणि एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञांच्या 2018 मधील प्रयोगांत असे आढळले की, 15 मिनिटे एकटे बसल्यावर राग आणि चिंता यांची तीव्रता ओसरते, पण तिच्याबरोबर उत्साहही ओसरतो. त्यामुळे भांडणानंतर किंवा दगदगीच्या दिवसानंतर एकांत उपयोगी पडतो, तर भाषणाला उभे राहण्याच्या ऐन आधी तो घेतला तर अंगातला जोर कमी होण्याची शक्यता असते. हा एकांत आपणहून निवडलेला असला, तर मन शांत होते, हेही त्यांना दिसले. लादलेल्या एकटेपणाची गोष्ट वेगळी आहे. ज्याला दिवसभर बोलायलाच कोणी नाही, त्याने आणखी एकांत शोधण्यापेक्षा कोणाकडे तरी जावे. तसेच बसल्यावर दर वेळी तेच दुःख उगाळले जात असेल आणि उठताना मन अधिकच जड होत असेल, तर बसण्याऐवजी एकट्याने चालायला जावे. तरीही फरक पडला नाही, तर समुपदेशकाशी बोलावे.

उठतानाही घाई करू नये. पाणी प्यावे, कागदावरील नोंदी वाचाव्यात, ज्यांचे काही करायचे नाही त्या खोडाव्यात आणि उरलेल्यांपैकी एक त्याच दिवशी हातावेगळी करावी. फोन आणायला त्यानंतर जावे.