पोलिसांना मेंटल हेल्थ क्रायसिसचं ट्रेनिंग द्यायचंय? आधी त्यांची घाई सोडवा

सगळ्यात आधी ती पीपीटी बंद करा. आजारांची नावं पाठ करून कुणाला दारामागे सुरी घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी बोलता येत नाही. पोलिसांना शिकवलेलं असतं की पटकन जा, जोरात बोला, ताबा घ्या, आणि इथे नेमकं तेच अंगाशी येतं.

1987 साली अमेरिकेत मेम्फिसमध्ये पोलिसांच्या गोळीबारात मानसिक आजार असलेला एक तरुण गेला, त्याच्या हातात सुरी होती. त्यावरून 1988 मध्ये तिथे सीआयटी म्हणजे क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम सुरू झाली, अशा प्रसंगांसाठी खास शिकवलेल्या पोलिसांची टीम. कोर्स 40 तासांचा, आणि शक्यतो स्वतःहून पुढे येणाऱ्यांसाठी. हे मला फार पटतं, कारण जबरदस्तीने बसवलेला माणूस मागच्या बाकावर मोबाईल बघतो.

पहिल्याच दिवशी हेडफोनचा प्रयोग करा. कानात आवाज सुरू, कोणी शिव्या देतंय, कोणी कुजबुजतंय, आणि त्यातच त्यांना एक फॉर्म भरायला द्या आणि मध्येच दरडावून विचारा, 'नाव काय? पत्ता सांग! ऐकू येत नाही का?' फॉर्म अर्धवट राहतो, चिडचिड होते, आणि मग समजतं की समोरचा ऐकत नाही तो माज म्हणून नाही, त्याच्या कानात आधीच गर्दी आहे.

मग रोल प्ले, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. समोरचा म्हणतो, 'भिंतीत कॅमेरे लावलेत, सगळे माझ्यावर नजर ठेवून आहेत.' नवखा पोलीस म्हणणार, 'कुठेत कॅमेरे, काहीतरीच!' झालं, भांडण सुरू. दुसरा जरा हुशार, तो म्हणतो 'हो हो, काढून टाकतो', तेही चूक, खोटं पकडलं गेलं की विश्वास संपला. त्यापेक्षा असं म्हणायला लावा, 'मला कॅमेरे दिसत नाहीयेत, पण तुम्ही खूप घाबरलाय हे दिसतंय. मी मदतीला आलोय. तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' आणि मग गप्प बसायचं. ही शांतता पोलिसांना सहन होत नाही, दहा सेकंदात पुढचा प्रश्न तोंडातून निघतोच, म्हणून हातात घड्याळ घेऊन गप्प बसायची प्रॅक्टिस घ्या. 'शांत व्हा' या दोन शब्दांवर तर सरळ बंदी घाला, त्याने आजवर कोण शांत झालंय?

बोलणारा एकच, बाकीचे मागे. अंतर ठेवा, मध्ये गाडी किंवा टेबल असेल तर उत्तम, सायरन बंद. अंतर असलं की वेळ मिळतो. आत्महत्येचा विचार आहे का हे सरळ विचारायला शिकवा, विचारल्याने डोक्यात विचार घुसतो हा निव्वळ गैरसमज आहे.

धरायची वेळ आलीच तर पालथं पाडून पाठीवर वजन टाकायचं नाही, श्वास अडकून माणूस जाऊ शकतो, लवकरात लवकर कुशीवर वळवायचं. आणि बरळणारा प्रत्येक जण मानसिक रुग्ण नसतो, शुगर उतरली, डोक्याला मार लागला तरी माणूस असाच वागतो, त्यामुळे अँब्युलन्स लवकर बोलवा.

शिकवायला फक्त डॉक्टर नकोत. जो स्वतः अशा अवस्थेतून गेलाय आणि ज्याच्या घरी पोलीस आले होते त्याला बोलवा, पण तो बरा असताना. ड्यूटीवर रोज फक्त बिघडलेलीच माणसं दिसतात, त्यामुळे बरा झालेला माणूस समोर बसून चहा पितोय हे बघूनच निम्म्या शंका जातात.

कंट्रोल रूमवाल्यांना मात्र विसरू नका, सगळेच विसरतात. फोन घेणाऱ्याने 'एक वेडा धिंगाणा घालतोय' एवढंच पुढे कळवलं की गाडी निघतानाच हात काठीवर जातो. हत्यार आहे का, औषधं चालू होती का, घरात तो कुणाचं ऐकतो, हे तीन प्रश्न फोनवरच विचारून घ्यायची सवय त्यांना याच कोर्समध्ये लावा.