देवमासा उताणा पडलेला असतो तेव्हा

कोल्हापुरात राहून देवमाशाचा अभ्यास करणार म्हटल्यावर काकानं विचारलं, "रंकाळ्यात सोडणार आहेस काय?" हसू देत लोकांना. समुद्र नाही म्हणून काही अडत नाही. अडतं ते भलतीकडंच.

देवमासा सस्तन, फुप्फुसानं श्वास घेणारा, शेपटी आडवी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एमएस्सीला असताना मलाही होतं. रत्नागिरीकडच्या एका किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागलाय कळलं आणि मी पहाटेची एसटी धरून आंबा घाट उतरले. वासानं सुरूच्या बनातच गाठलं. तासभर वहीत चित्र काढलं, बाजूला ठसठशीत लिहिलं, 'पाठीवर लांब समांतर खोबणी'. जाळं सांधत बसलेले एक काका वहीत डोकावले. म्हणाले, "बाय, तो उताणा पडलाय."

इथंच पाय घसरतो, म्हणून दोनदा सांगते. मेल्यावर पोटात वायू साठतो, धूड फुगतं आणि बरेचदा पोट वर करूनच किनाऱ्याला लागतं. त्या खोबणी पाठीच्या नसतात, गळ्याच्या असतात. निळा देवमासा, ब्राइड्स देवमासा यांच्यात त्या हनुवटीपासून बेंबीकडं जातात. जिवंतपणी हा आ वासून झेपावतो तेव्हा त्या खोबणी उलगडतात, गळ्याची पखाल होते. मग तोंड मिटून पाणी बलीनच्या, म्हणजे वरच्या जबड्याला लोंबणाऱ्या गाळणीसारख्या पट्ट्यांच्या, झालरीतून बाहेर, मासे-कोळंबी आत. म्हणजे वागणं कळलं असतं तर शरीर चुकलं नसतं. आणि उताणा ओळखला नाही की डावा पर उजवा होतो, सगळी नोंद उलटी. तेव्हा आधी बेंबी शोधा. मग श्वासरंध्र: दोन तर बलीनवाला, एक तर दातवाला. लांबी जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. मी टेप फुगलेल्या पोटावरून टाकला होता, तीही चूकच.

त्या चित्रावर आमच्या एका सरांनी न बघता सही केली. सही देणारा मार्गदर्शक सोपा वाटतो; तुम्ही वही ओढून घेणारा शोधा. यूट्यूबवरची रंगीत मॉडेलंही बघा, पण त्यातला देवमासा कधी फुगत नाही, कुजत नाही.

एकटं धुडाजवळ जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात देवमासे अनुसूची एकमध्ये आहेत, वनखात्याच्या परवानगीशिवाय हाडाचा तुकडाही उचलायचा नाही. आणि कुणी 'व्हेलची उलटी' विकून देतो म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा. ही 'उलटी' म्हणजे अंबरग्रीस; ते स्पर्म व्हेल या दातवाल्या देवमाशाच्या आतड्यात बनतं, बलीनवाल्यात नाही. त्याचा व्यवहार हा गुन्हा आहे. मला अभ्यासाबद्दल कमी आणि ह्याबद्दलच जास्त विचारतात.

पण घाबरू नका. हाडं शिकायला समुद्र लागत नाही. मटणाच्या दुकानातून बोकडाच्या मागच्या पायाचं घोट्याचं हाड मागून घ्या. दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच दिसेल. २००१ मध्ये जाहीर झालेल्या, पाकिस्तानातल्या पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या जीवाश्मांत अगदी तशीच घडण निघाली. त्यावरूनच देवमासा समखुरी, म्हणजे बोकडासारख्या जोडखुरांच्या, जनावरांच्या कुळातला, हे पक्कं झालं. मी ते हाड उकळून, घासून टेबलावर ठेवलंय. आईनं दोनदा केरात टाकलं होतं.